मेडिकल कौन्सिलमध्ये डॉक्टरांची तक्रार करून बघितली, पाचपैकी तीन स्टार

मिक्सरचा, मोबाईलचा, मिसळीचा रिव्ह्यू सगळे लिहितात, मी आज ज्या सर्व्हिसबद्दल लिहितेय ती आपल्यातल्या बहुतेकांनी कधी वापरलेलीच नसते. आपल्यावर उपचार केलेल्या डॉक्टरविरुद्ध राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करणं. आम्ही केली. सुरुवातीपासून ऑर्डर हातात पडेपर्यंत सव्वा वर्ष गेलं, आणि या सव्वा वर्षात मला नेटवर सामान्य माणसाने सामान्य माणसासाठी मराठीत लिहिलेलं काहीच सापडलं नाही, जे होतं ते वकिलांचं इंग्रजी, म्हणून हे एवढं मोठं लिहितेय. हॉस्पिटलचं, डॉक्टरांचं, शहराचं आणि कौन्सिलचंही नाव टाकत नाहीये, कारण मला एका ऑफिसबद्दल नाही तर या व्यवस्थेबद्दल सांगायचंय. राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत (महाराष्ट्रात १९६५ चा, कर्नाटकात १९६१ चा, गोव्यात १९९१ चा) पण डॉक्टरने कसं वागावं याचे नियम देशभर एकच, २००२ चे.

तर झालं असं. माझे वडील, नाना, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. उजव्या बाजूला हर्निया होता, दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं, डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावून सांगितलं, उजवीकडे जाळी बसवू, दोन दिवसांत घरी. आदल्या रात्री वॉर्डमधल्या सिस्टर फॉर्म घेऊन आल्या, नाना म्हणाले यावर तर काहीच लिहिलेलं नाही, त्या म्हणाल्या काका सकाळी भरतात डॉक्टर, सगळ्यांचं असंच असतं, तुम्ही फक्त खाली सही करा. नानांनी केली. ऑपरेशन झालं, घरी आलो, आणि तिसऱ्या दिवशी नाना चष्मा लावून बिल वाचत बसले. ज्या माणसाने तीस-बत्तीस वर्षं रोज वेबिल (दिवसभरातल्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद) जुळवल्याशिवाय डेपो सोडला नाही तो बिल ओळ न् ओळ वाचणारच. मला हाक मारली, "अगं, इथे जाळी दोन नग लावलीय, आपली तर एकच ना?"

एकच नव्हती. डावीकडेही बसवली होती. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, ना आधी ना नंतर.

डॉक्टरांना भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले आत गेल्यावर डावीकडेही सुरुवात झालेली दिसली, परत भूल, परत खर्च कशाला, म्हणून एकदमच केलं, तुमच्या फायद्याचंच केलंय. आता हे मी मुद्दाम लिहितेय कारण मला त्यांच्यावर अन्याय करायचा नाहीये, वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरही असेल, नाना आज व्यवस्थित चालतात फिरतात, डावीकडे अधूनमधून ओढ लागते एवढंच. पण मी आणि आई बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दोन मिनिटं बाहेर येऊन विचारलं असतं तर आम्ही बहुतेक हो म्हणालो असतो. नानांचं म्हणणं एवढंच होतं की माझं शरीर आहे, मला विचारायला पाहिजे होतं, आणि कोऱ्या कागदावर सही घ्यायला नको होती. नुकसानभरपाई त्यांना नको होती, पैसे पाहिजे असतील तर रस्ता वेगळा आहे, ग्राहक आयोग (म्हणजे आधीचा ग्राहक मंच), १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात. आणि पोलिसात जाण्यासारखं तर हे मुळीच नव्हतं. जे झालं ते वागणुकीचं होतं, आणि डॉक्टरची वागणूक बघायचं, त्याच्या लायसन्सला हात लावायचं काम कौन्सिलचं. मला हा फरक तोपर्यंत माहितच नव्हता, माझ्या मावसभावाने सांगितला, तो वकिली करतो.

आता सर्व्हिसचा पहिला भाग, म्हणजे नियमांचं पुस्तक. याला मी साडेचार स्टार देईन, आणि मनापासून देईन. २००२ चे नियम इंग्रजीत आहेत पण बऱ्यापैकी सरळ आहेत, एका रात्रीत वाचून होतात, आणि वाचल्यावर कळतं की आपण रोज जे सोसतो त्यातलं किती लिहून ठेवलेलं आहे. प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर, पैशाच्या पावतीवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे. ॲडमिट पेशंटचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे. पेशंटने किंवा त्याच्या माणसाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे, नाही दिले तर ते गैरवर्तनच धरलंय. ऑपरेशनआधी लेखी संमती घ्यायची. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायचं नाही, द्यायचं नाही. (या कमिशनवर म्हणजे कट प्रॅक्टिसवर महाराष्ट्रात २०१७ मध्ये वेगळा कायदा करायचा मसुदा झाला होता, माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित त्यासाठीच्या समितीवर होते, तो कायदा झाला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.)

७२ तासांचा नियम आम्ही स्वतः वापरून बघितला. त्याआधी दोनदा तोंडी केस पेपर मागितले होते तर रेकॉर्ड रूमवाले सुट्टीवर आहेत, डॉक्टरांची सही राहिलीय, पुढच्या आठवड्यात या, असं चाललं होतं. मग नानांनी स्वतःच्या अक्षरात एक पानी अर्ज लिहिला, २००२ च्या नियमांतला कलम १.३.२ टाकला, दोन प्रती नेल्या, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख-वेळ घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, झेरॉक्स तयार आहेत घेऊन जा. एक वाक्य, एक आकडा, आणि दार उघडलं. ज्यांचा कुणाचा पेशंट ॲडमिट होऊन गेलाय त्यांनी काही तक्रार नसली तरी कागद मागून ठेवा, तीन वर्षांनंतर हॉस्पिटलवर ते ठेवायचं बंधन या नियमात राहत नाही.

कागद बघितल्यावर खरा धक्का बसला. संमतीच्या फॉर्मवर खाली नानांची सही, आणि वर ऑपरेशनच्या नावापुढे 'दोन्ही बाजू' असं लिहिलेलं. जो फॉर्म आदल्या रात्री कोरा होता. आई काही बोलली नाही, उठून आत गेली. तोपर्यंत ती म्हणत होती जाऊ दे, माणूस बरा आहे ना, त्या दिवसानंतर नाही म्हणाली.

मावसभावाने मग २००८ चा सुप्रीम कोर्टाचा समीरा कोहली केसचा निकाल वाचायला दिला आणि वाचताना मला असं वाटत होतं की कुणीतरी आमच्या घरात बसून लिहिलंय. त्यात बाईला तपासणीसाठी दुर्बीण घालायला भूल दिली होती आणि ती बेशुद्ध असतानाच गर्भाशय काढून टाकलं होतं, तिच्या आईची संमती घेऊन, तिची नाही. कोर्टाने सांगितलं की एका गोष्टीची संमती म्हणजे दुसऱ्या गोष्टीची नाही, पेशंटचा जीव वाचवायला किंवा तब्येत सांभाळायला लगेच करणं भागच असेल तेव्हाच संमतीशिवाय जास्तीचं ऑपरेशन चालतं, पेशंटचा फायदा होता, वेळ वाचला, खर्च वाचला, ही कारणं चालत नाहीत. तुमच्या फायद्याचंच केलं, या वाक्याचं उत्तर आम्हाला तिथे मिळालं.

तक्रार लिहिताना एक चूक बरेच लोक करतात म्हणून सांगते. आधी डॉक्टर कुठल्या कौन्सिलचा ते बघा. एमबीबीएस आणि पुढचे एमएस, एमडी हे मेडिकल कौन्सिलकडे, बीएएमएस वेगळीकडे, होमिओपॅथीवाले वेगळीकडे, दातांचे डॉक्टर वेगळीकडे, नर्सची नर्सिंग कौन्सिल वेगळी, चुकीच्या ठिकाणी पाठवली तर काही महिने फुकट जातात. नॅशनल मेडिकल कमिशनच्या (राज्यांच्या कौन्सिलच्या वरची दिल्लीची संस्था) साईटवर इंडियन मेडिकल रजिस्टर, म्हणजे देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांची यादी आहे, नाव किंवा रजिस्ट्रेशन नंबर टाकून शोधता येतं, त्यासाठी पैसे लागत नाहीत. आणि नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नसेल तर तो कौन्सिलचा विषयच नाही, तो गुन्हा आहे, २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात रजिस्टरमध्ये नसताना ॲलोपॅथीची प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मी डॉक्टर बघण्याआधी आता रजिस्टर बघते, सवयच लागलीय. हॉस्पिटलविरुद्ध तक्रार असेल, म्हणजे बिल, दरपत्रक, स्वच्छता, तर तेही कौन्सिलकडे नाही, कौन्सिल फक्त डॉक्टर या माणसाकडे बघते. महाराष्ट्रात हॉस्पिटलसाठी नर्सिंग होम कायदा आहे १९४९ चा, त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक सगळ्यांना दिसेल असं लावायला सांगितलंय, त्याची तक्रार महापालिकेकडे नाहीतर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे.

आम्ही प्रतिज्ञापत्र केलं, घटना तारखेप्रमाणे लिहिल्या, विशेषणं सगळी काढून टाकली. हे नानांनी शिकवलं. म्हणाले चार्जशीटमध्ये भावना नसतात, तारीख, वेळ, गाडी नंबर, तिकीट नंबर, बस. मी आधी लिहिलेल्या मसुद्यात 'अमानुष', 'विश्वासघात' असं बरंच होतं, त्यांनी पेन्सिलीने एकेक शब्द खोडला आणि चार पानांचं दीड पान झालं.

एसटीचा विषय या सव्वा वर्षात घरात खूप निघाला, कारण नानांनी शिस्तीची कारवाई स्वतः जवळून बघितलेली आहे. मध्येच तपासणी पथक गाडीत चढायचं, तिकिटं मोजायचं, थैलीतली रोकड वेबिलाशी जुळवायचं, थोडाफार फरक निघाला तरी कंडक्टरला चार्जशीट, चौकशी, आणि चौकशीत त्याच्या बाजूने बोलायला त्याचा माणूस. नाना म्हणतात ते कडक होतं पण त्यात एक गोष्ट चांगली होती, चौकशी करणारा कंडक्टर नसायचा. इथे मात्र डॉक्टरची चौकशी डॉक्टर करतात. २००२ च्या नियमातच लिहिलंय की व्यावसायिक अक्षमता ठरवायचं काम त्याच व्यवसायातल्या लोकांनी करायचं. मला याची दुसरी बाजूही समजते, दुर्बिणीतून आत काय दिसलं, काय करायला हवं होतं हे मला काय कळणार, ते सर्जनलाच कळणार. पण संमती घेतली की नाही हे कळायला एमएस कशाला पाहिजे? ते नानांसारख्या माणसालाही कळतं, शाळेतल्या बाईंनाही कळेल. माझी चुलत बहीण इंग्लंडमध्ये नर्स आहे, ती सांगत होती की तिथे डॉक्टरांच्या केसेस मँचेस्टरमध्ये वेगळ्या ट्रिब्युनलपुढे चालतात, पॅनेलवर डॉक्टर नसलेले लोकही बसतात, सुनावणी बहुतेक वेळा लोकांसाठी खुली असते आणि निकाल साईटवर टाकतात. हे ऐकून नाना बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, असं केलं तर चांगल्या डॉक्टरांचंच नाव राहील ना.

सुनावणीबद्दल मला भीती होती तेवढं वाईट काही झालं नाही. दोन तारखा झाल्या. समोर तीन ज्येष्ठ डॉक्टर होते, नानांना बसायला सांगितलं, काका सावकाश सांगा म्हणाले. आमचे डॉक्टर वकील घेऊन आले होते, तसं आणता येतं, नियमात डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडायची संधी द्यायलाच लागते आणि ते बरोबरच आहे, कुणाचं लायसन्स जाणार असेल तर त्याचं ऐकून घेतलंच पाहिजे. नानांना विचारलं तुम्ही कोरा फॉर्म असताना सही का केली. ते म्हणाले, "साहेब, तेव्हा मी पेशंट होतो, कंडक्टर नव्हतो." ते मी कधी विसरणार नाही. खोलीत कुणीच काही बोललं नाही, मग मधल्या डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

वेळेला मात्र एकच स्टार. नियम सांगतो सहा महिन्यांत निकाल द्यायचा. २००४ मध्ये त्यात भर पडली की सहा महिन्यांत नाही झालं तर दिल्लीची वरची संस्था राज्याच्या कौन्सिलला मुदत घालू शकते किंवा केस स्वतःकडे ओढून घेऊ शकते, तक्रारदारालाही तशी मागणी करता येते. आमची सहाच्या ऐवजी पंधरा महिने चालली. सहा महिने झाल्यावर वर लिहायचं असतं हे मला उशिरा कळलं, तुम्ही कॅलेंडरवर खूण करून ठेवा. चौकशी चालू असताना ज्या उपचाराबद्दल तक्रार आहे तो करायला डॉक्टरला तात्पुरती बंदी घालायचा अधिकारही कौन्सिलला आहे, आमच्यासारख्या केसमध्ये तो वापरावा असं मी म्हणणार नाही, पण जिथे जिवाशी खेळ झालाय तिथे हा अधिकार आहे हे घरच्यांना माहित पाहिजे, म्हणजे ते मागू तरी शकतील.

निकाल आमच्या बाजूने लागला, निदान अर्धा. संमती नियमाप्रमाणे घेतली नाही असं कौन्सिलने लिहिलं आणि डॉक्टरांना ताकीद दिली. रजिस्टरवरून नाव काही काळासाठी किंवा कायमचं काढणं ही मोठी शिक्षा, ती आम्ही मागितलीही नव्हती. पण कोऱ्या फॉर्मवर नंतर 'दोन्ही बाजू' कुणी आणि केव्हा लिहिलं याबद्दल ऑर्डरमध्ये एक ओळ नाहीये. आमचा मुख्य मुद्दाच तो होता. ताकीद मिळाली म्हणून रजिस्टरवरचं नाव हलत नाही, म्हणजे उद्या दुसरा पेशंट शोधेल तेव्हा त्याला सगळं जसंच्या तसं दिसणार.

म्हणून अपील करायचं ठरवलं आणि इथे मी रिव्ह्यूतला सगळ्यात महत्त्वाचा भाग लिहितेय, कृपया वाचा. कमिशनच्या जागी जुनी मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया होती तेव्हा २००४ च्याच दुरुस्तीने नियमात ८.८ आला, त्यात म्हटलंय की राज्य कौन्सिलच्या निर्णयाने नाराज असलेली 'कुणीही व्यक्ती' ६० दिवसांत वर अपील करू शकते. कुणीही, म्हणजे पेशंटसुद्धा. मग २०१९ चा नॅशनल मेडिकल कमिशन कायदा आला, २५ सप्टेंबर २०२० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ३० मध्ये अपिलाचा अधिकार दिलाय तो कारवाई झालेल्या डॉक्टरला. पहिलं अपील कमिशनच्याच एथिक्स बोर्डाकडे, दुसरं कमिशनकडे, दोन पायऱ्या, आणि दोन्हीकडे शब्द आहे तो डॉक्टरचा. पेशंटचा शब्दच नाही. या कलमाकडे बोट दाखवून पेशंटची अपिलं परत पाठवली गेल्याच्या बातम्या आहेत. सरकारलाही हे माहित आहे, २०२२ च्या शेवटी दुरुस्तीचा मसुदा काढला होता त्यात पेशंटला अपिलाचा हक्क द्यायचा विचार होता, तो कायदा झाला नाही. २०२३ मध्ये डॉक्टरांच्या वागणुकीचे नवीन नियम आले, २ ऑगस्टला निघाले आणि जेनेरिक औषधांवरून गदारोळ होऊन २३ ऑगस्टला स्थगित झाले, त्यामुळे आज परत २००२ चेच नियम चालू आहेत, आणि त्यात ८.८ जसाच्या तसा आहे. म्हणजे कायदा म्हणतो डॉक्टर, नियम म्हणतो कुणीही. मावसभाऊ म्हणतो कायदा आणि नियम भांडले तर कायदा जिंकतो, पण इथे कायद्याने पेशंटला नाही असं कुठे म्हटलंय, फक्त त्याचं नाव घ्यायचं राहिलंय, म्हणून वाद करायला जागा आहे.

नानांना हे समजावून सांगायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. त्यांना एकच प्रश्न पडला होता, आम्ही तक्रार केली, आम्ही पुरावे दिले, झालं ते माझ्या अंगावर झालं, मग निकाल आवडला नाही तर वर जायचा हक्क फक्त त्यांना कसा? मला उत्तर देता आलं नाही. कुणाला देता येत असेल तर खरंच सांगा.

आणि हे काही छोट्या केसपुरतं नाहीये. अनुराधा साहा यांची केस बऱ्याच जणांना आठवत असेल, कोलकात्यात चुकीचे उपचार झाले आणि १९९८ मध्ये मुंबईच्या हॉस्पिटलात त्या वारल्या. पश्चिम बंगालच्या कौन्सिलने डॉक्टरांना निर्दोष ठरवलं होतं. त्यांचे पती डॉ. कुणाल साहा, स्वतः डॉक्टर, लढत राहिले, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने जवळपास सहा कोटी रुपये आणि वर व्याज अशी भरपाई दिली. कौन्सिलचं उत्तर एक आणि कोर्टाचं उत्तर वेगळं येऊ शकतं, इतकं वेगळं. अपिलाची पायरी पेशंटला का पाहिजे ते यातून कळतं.

तर तीन स्टार कसे. नियम चांगले, कागद मिळवायचा रस्ता चांगला, सुनावणीत माणसासारखं वागवलं. वेळ वाईट, ऑर्डर अर्धवट, अपील बंद असल्यासारखं. खर्च म्हणाल तर प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, दोनदा जाण्यायेण्याचं भाडं, मावसभावाने फी घेतली नाही. पुन्हा वेळ आली तर मी करीन का? हो. फक्त तीन गोष्टी वेगळ्या करीन, कागद पहिल्याच आठवड्यात मागीन, सहा महिने पूर्ण झाले त्याच दिवशी वर लिहीन, आणि तक्रारीत प्रत्येक मुद्द्याला नंबर देऊन 'या मुद्द्यावर स्पष्ट निर्णय द्यावा' अशी शेवटी मागणी टाकीन, म्हणजे ऑर्डरमध्ये एखादा मुद्दा गाळता येणार नाही. आमच्या तक्रारीत ती ओळ नव्हती.

अपील आम्ही केलंय. वर ठळक अक्षरात नियम ८.८ लिहिलाय आणि खाली एकच मुद्दा, त्या दोन शब्दांचा. ऑर्डर मिळाल्यापासून ५३ व्या दिवशी स्पीड पोस्टाने टाकलं, दिल्लीला पोचल्याचं ट्रॅकिंगवर आलंय, नानांनी त्याची प्रिंट काढून फाईलला लावलीय. काही कळलं की इथेच खाली लिहीन.